शेवटची चार पावले

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)

२५ मे १९५५. स्थळ – नेपाळ आणि सिक्कीम यांच्या सीमेवर उभे असलेले कांचनगंगा शिखर. दुपार उलटून गेलेली. जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक एका उभ्या खडकाच्या भेगेतून वर सरकले आणि त्यांना समोर हिमाचा एक लहानसा उंचवटा दिसला. अंतर जेमतेम वीस फूट, उंची चार-पाच फूट. तोच जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या शिखराचा माथा होता. तोवर मनुष्याचे पाऊल तेथे उमटलेले नव्हते. आणि ते दोघे तेथेच थांबले.

थकले म्हणून थांबले नाहीत, वाट सापडेना म्हणूनही नाही. सिक्कीमची प्रजा कांचनगंगेला आपली रक्षक देवता मानते. तिच्या मस्तकावर पाय ठेवला जाऊ नये, अशी सिक्कीमच्या चोग्यालांची, म्हणजे तेथील राजाची, इच्छा होती. मोहीम नेपाळच्या बाजूने होती, त्यामुळे कायद्याने सिक्कीमची अनुमती आवश्यक नव्हती. तरीही मोहिमेचे प्रमुख चार्ल्स इव्हान्स यांनी शब्द दिला होता – शेवटची पावले टाकली जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रेदर पोहोचले. तेही माथ्याच्या अलीकडेच थांबले. पाहणारे कोणीही नसताना, २८ हजार फूट उंचीवर, दिलेला शब्द पाळला गेला.

जगातील सर्वोच्च पर्वतांचे वेगळेपण कशात आहे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना याच प्रसंगापासून आरंभ करावा लागतो. कारण त्या दिवशी दोन उंच्यांची गाठ पडली. एक मीटरमध्ये मोजता येणारी आणि दुसरी कोणत्याही उपकरणाने मोजता न येणारी.

उंची मोजायची कोठून?

प्रथम मोजता येणारी उंची पाहू. सर्वोच्च पर्वत कोणता, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. समुद्रसपाटीपासून मोजले तर सगरमाथा म्हणजेच एव्हरेस्ट पहिला, ८,८४८.८६ मीटर. पण पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून मोजले तर हा मान दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशाच्या चिंबोराझोकडे जातो. पृथ्वी विषुववृत्ताजवळ किंचित फुगीर असल्यामुळे अवघ्या ६,२६३ मीटर उंचीच्या या पर्वताचा माथा भूमध्यापासून एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षा सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर आहे. पायथ्यापासून मोजायचे म्हटले तर हवाई बेटांवरील मौना केआ हा पर्वत महासागराच्या तळापासून दहा हजार मीटरहून उंच भरतो. त्यातील ४,२०७ मीटर तेवढे पाण्याबाहेर आहेत.

म्हणजे मोजपट्टी बदलली की राजा बदलतो. तरीही जगाने समुद्रसपाटी हाच आधार मानला, आणि त्या मापाने हिमालय व त्याला लागून असलेली काराकोरम रांग यांच्याशी स्पर्धा करील असे दुसरे काही या पृथ्वीवर नाही. आशियाबाहेरचे सर्वांत उंच शिखर म्हणजे अर्जेंटिनातील अकोंकाग्वा. ते ६,९६१ मीटरवर थांबते. सात हजार मीटरचा उंबरठा ओलांडणारे एकही शिखर आशियाबाहेर नाही. आठ हजार मीटरच्या वर तर मान्यताप्राप्त शिखरे केवळ चौदा.

त्या चौदांपैकी एव्हरेस्ट, कांचनगंगा, ल्होत्से, मकालू, चो ओयू, धवलगिरी, मनास्लु आणि अन्नपूर्णा ही आठ नेपाळमध्ये किंवा त्याच्या सीमेवर आहेत. के-टू, नंगा पर्वत, ब्रॉड पीक आणि गाशेरब्रुमची दोन शिखरे अशी पाच गिलगिट-बाल्टिस्तानमध्ये आहेत. भारताच्या अधिकृत नकाशात लडाखचा भाग असलेला हा प्रदेश १९४७ पासून पाकिस्तानच्या ताब्यात आहे. चौदावे शिशापांगमा पूर्णतः तिबेटमध्ये आहे. आठांपैकी कांचनगंगेची एक बाजू सिक्कीममध्ये उतरते. आज भारताच्या प्रत्यक्ष ताब्यातील भूमीशी जोडलेले आठ हजार मीटरवरचे शिखर हे एवढेच.

महाराष्ट्राच्या श्रोत्याला या उंचीचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. कळसूबाई हे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे. पाच कळसूबाई एकावर एक रचल्या तरी एव्हरेस्टचा माथा आणखी सहाशे मीटर वर राहील.

समुद्राचा तळ मस्तकी धारण करणारा

पण हे पर्वत इतके उंच झाले कसे? आजच्या हिमालयाच्या जागी एकेकाळी टेथिस नावाचा समुद्र होता. दक्षिणेकडून सरकत आलेला भारतीय भूखंड सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या भूखंडावर आदळला. मधल्या समुद्राचा गाळ, त्याचे झालेले खडक, सारे चुरगळत, दुमडत वर उचलले गेले. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडक चुनखडीचा आहे आणि त्यात चाळीस कोटी वर्षांहून जुन्या सागरी जीवांचे अवशेष सापडतात. जगाचे सर्वांत उंच मस्तक समुद्राच्या तळाचे बनलेले आहे!

याहून विस्मयाची गोष्ट अशी की, सर्वांत उंच असलेला हा पर्वत वयाने लहान आहे. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हारसातून थिजला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हिमालयाची उठावणी त्यानंतरची. सह्याद्री झिजतो आहे. हिमालय झिजता झिजता अजून वाढतो आहे, कारण भारतीय भूखंडाचे उत्तरेकडे सरकणे आजही चालू आहे. वर्षाला काही सेंटीमीटर. हाच रेटा कधी भूकंपाच्या रूपाने प्रकट होतो. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळने तो अनुभवला. या पर्वतांची उंची आणि त्यांच्या पायथ्याचे संकट ही एकाच कारणाची दोन फळे आहेत, हे विसरता येत नाही.

गणित कोणाचे, नाव कोणाचे?

कालिदासाने कुमारसंभवाच्या आरंभीच हिमालयाला पृथ्वी मोजण्याच्या दंडाची उपमा दिली आहे. त्या मानदंडाचेच मोजमाप करण्याचे काम एकोणिसाव्या शतकात झाले. १८०२ साली मद्रासजवळून विल्यम लॅम्बटन यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले आणि ते दशकानुदशके उत्तरेकडे सरकत हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचले. नेपाळची दारे परकीयांना बंद होती. त्यामुळे तराईच्या मैदानातून, सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आणि त्याहून अधिक अंतरावरून, दुर्बिणीने कोन मोजले गेले. हवेतून येताना प्रकाशाचा किरण वाकतो, उष्णतेने उपकरणे प्रसरण पावतात. या सर्व चुकांचा हिशेब कागदावर मांडायचा होता.

त्या गणिताची धुरा वाहिली ती राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने. १८५२ मध्ये 'शिखर क्रमांक पंधरा' हे जगात सर्वोच्च असल्याचा निष्कर्ष निघाला आणि १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट अशी जाहीर झाली. आज उपग्रहांच्या साहाय्याने काढलेल्या आणि ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ व चीन यांनी संयुक्तपणे घोषित केलेल्या आकड्याशी त्याची तुलना केली, तर फरक अवघ्या नऊ मीटरचा आहे. शिखराच्या जवळपासही न जाता, केवळ कोन आणि लेखणी यांच्या बळावर साधलेली ही अचूकता म्हणजे भारतीय बुद्धीची एक उज्ज्वल खूण होय.

पण नाव लागले ते जॉर्ज एव्हरेस्ट यांचे. हे सर्वेक्षणाचे पूर्वीचे प्रमुख. १८४३ मध्येच निवृत्त झालेले. न्यायाने सांगितले पाहिजे की, खुद्द एव्हरेस्ट यांनी या नामकरणाला हरकत घेतली होती. शिखरांना स्थानिक नावे द्यावीत, असाच त्यांचा कटाक्ष होता. तरीही १८६५ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांचेच नाव कायम केले. तिबेटी लोक या शिखराला पिढ्यान्‌पिढ्या चोमोलुंग्मा म्हणत आले होते. 'सगरमाथा' हे नाव पुढे नेपाळी इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी रूढ केले. सिकदारांच्या स्मृतीला भारताच्या टपाल खात्याने तिकिटाचा मान दिला तो २००४ मध्ये.

दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराची कथा तर आणखी बोलकी आहे. १८५६ मध्ये काश्मीरमधून काराकोरमची शिखरे टिपताना थॉमस माँटगोमरी यांनी वहीत 'के-वन', 'के-टू' असे क्रमांक टाकले. पहिल्याला नंतर मशेरब्रुम हे त्याचे स्थानिक नाव परत मिळाले. दुसऱ्याचा वहीतला क्रमांकच त्याचे जगन्मान्य नाव होऊन बसला. याउलट धवलगिरी, अन्नपूर्णा, मनास्लु ही नावे ऐकली की पायथ्याशी राहणाऱ्या माणसांचे त्या शिखरांशी असलेले नाते कानावर येते. एकाने शुभ्रता पाहिली, दुसऱ्याने अन्न देणारी माता पाहिली, तिसऱ्याने मनाचा धागा जोडला.

आठ हजार मीटरच्या वर

आठ हजार मीटर हा आकडा मनुष्याने ठरवलेला आहे. फुटांत मोजणाऱ्याला तो सुचलाही नसता. पण योगायोगाने तो शरीराच्या मर्यादेशी जुळतो. तेथे हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, हवेचा दाब घटतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश असतो. प्रत्येक श्वासात त्या प्रमाणात कमी प्राणवायू मिळतो. भूक मरते, झोप उडते, विचार मंदावतो. तेथे शरीर नव्या परिस्थितीशी जुळवून घेत नाही. ते हळूहळू क्षीण होत जाते. म्हणून या पट्ट्याला मृत्युक्षेत्र म्हणतात.

मनुष्य तेथे गेला आणि परतही आला. ३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झोग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक अन्नपूर्णेवर पोहोचले. आठ हजार मीटरवरील शिखरावर मनुष्य पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. हिमदंशाने त्या दोघांच्या पायांची बोटे गेली, हर्झोगच्या हातांचीही. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर उभे राहिले. १९६४ मध्ये शिशापांगमावर चढाई झाली आणि अवघ्या चौदा वर्षांत चौदाही शिखरे पूर्ण झाली. १९७८ मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हॅबेलर कृत्रिम प्राणवायूविना एव्हरेस्टवर गेले. १९८६ पर्यंत मेसनरने चौदाही शिखरे पादाक्रांत केली.

मराठी माणूसही या वाटेवर मागे राहिला नाही. १९९८ मध्ये पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट गाठले. १५ मे २०१९ रोजी पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा गिर्यारोहक, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली, कांचनगंगा मोहिमेत यशस्वी झाले. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०२२ मध्ये कांचनगंगेच्या रूपाने आठ हजार मीटरवरील आपले पाचवे शिखर गाठले आणि असा पराक्रम करणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळवला.

या सर्व यशांच्या मागे एक समाज उभा आहे – शेर्पा. दोर त्यांनी बांधायचे, ओझी त्यांनी वाहायची, आणि पुष्कळदा नाव मात्र दुसऱ्याचे व्हायचे. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातात कोसळलेल्या बर्फाखाली सोळा जण गेले. ते सर्व इतरांची वाट तयार करणारे नेपाळी होते. म्हणूनच १६ जानेवारी २०२१ चा दिवस महत्त्वाचा. आठ हजारांवरील शिखरांपैकी हिवाळ्यात न जिंकलेले एकमेव शिखर के-टू उरले होते. दहा नेपाळी गिर्यारोहकांनी ते गाठले. माथ्याच्या थोडे खाली ते एकमेकांसाठी थांबले आणि अखेरची पावले त्यांनी एकत्र, राष्ट्रगीत म्हणत टाकली. पहिला कोण, हा प्रश्नच त्यांनी शिल्लक ठेवला नाही.

विजय की दर्शन?

येथे पुन्हा त्या थांबलेल्या पावलांकडे वळावे लागते. पर्वताकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एक म्हणते, तो आहे म्हणून जिंकायचा. दुसरी म्हणते, तो आहे म्हणून नमस्कार करायचा. पण या दोहोंत पराक्रम आणि भ्याडपणा असा भेद करणे चूक ठरेल. तेनझिंग एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा त्यांनी बर्फात लहानसा खड्डा करून देवतेसाठी गोड खाऊ ठेवला. पाऊल टाकणारा आणि नमस्कार करणारा मनुष्य एकच होता. कळसूबाईच्या माथ्यावर देवीचे मंदिर आहे आणि माणसे श्रद्धेने तेथवर चढतात. चढणे हा अधर्म नव्हे. उन्माद हा अधर्म होय.

१९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेनेची मोहीम सिक्कीमच्या, अत्यंत अवघड बाजूने कांचनगंगेवर गेली. मेजर प्रेमचंद आणि नाईक निमा दोर्जे शेर्पा यांनीही माथ्याचा मान राखून काही पावले अलीकडेच थांबणे पत्करले. सेनेच्या शौर्यात त्यामुळे काही उणे आले नाही. नेपाळमधील माछापुछ्रे शिखरावर १९५७ मध्ये विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स माथ्यापासून सुमारे दीडशे फुटांवरून परतले. पुढे ते शिखर चढाईसाठी बंद झाले. भूतानने १९९४ मध्ये सहा हजार मीटरवरील शिखरांवर आणि २००३ मध्ये गिर्यारोहणावरच बंदी घातली. ७,५७० मीटर उंचीचे गांगखर पुएन्सुम त्यामुळे आजही अस्पर्श आहे. आणि कैलास? आठ हजारांच्या यादीत त्याचे नाव नाही. साडेसहा हजार मीटरहून तो थोडाच उंच. पण हिंदू, बौद्ध, जैन आणि तिबेटमधील बोन या चार परंपरा त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतात. चौदाही शिखरे चढलेल्या मेसनरने कैलासावर चढाईची संधी नाकारली होती. त्याहून उंच असलेली शेकडो शिखरे जगाला नावाने ठाऊक नाहीत.

पायथ्याशी काय चालले आहे?

मात्र केवळ शिखराचा माथा पवित्र ठेवून भागत नाही. सिक्कीममध्ये पांग ल्हाबसोल या उत्सवात कांचनगंगेची पूजा होते. आपल्या आदिपूर्वजांची निर्मिती याच शिखराच्या हिमातून झाली, अशी लेपचा समाजाची श्रद्धा आहे. २०१६ मध्ये कांचनगंगा राष्ट्रीय उद्यानाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर असा मान मिळवणारे ते भारतातील पहिले स्थळ. शिखराचा सन्मान पूर्ण झाला.

पण त्याच पर्वतरांगेच्या पाण्यावर वाहणाऱ्या तीस्ता नदीचे काय? २००७ मध्ये जोंगू भागातील लेपचा तरुणांनी तेथील जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध गंगटोकमध्ये दीर्घ उपोषण केले आणि त्यानंतर त्यांपैकी काही प्रकल्प रद्द झाले. नदीच्या इतर भागांत धरणे उभी राहिली. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री दक्षिण ल्होनाक हे हिमनदीच्या मुखाशी वाढत गेलेले सरोवर फुटले. पाण्याचा लोंढा खाली आला आणि चुंगथांग येथील १,२०० मेगावॅटच्या प्रकल्पाचे धरण त्याने वाहून नेले. अनेकांचे प्राण गेले, पूल आणि घरे गेली. ज्या देवतेच्या माथ्यावर पाय न ठेवण्याचा शब्द परक्यांनीही पाळला, तिच्या पायथ्याशी मात्र थांबावे कोठे, हे कोणी ठरवलेच नाही.

काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय पर्वत विकास केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकाच्या तुलनेत ६५ टक्के अधिक वेगाने आटल्या. या पर्वतांच्या पाण्यावर पर्वतात राहणारे सुमारे २४ कोटी आणि खालच्या खोऱ्यांतील १६५ कोटी लोक अवलंबून आहेत. दुसरीकडे एव्हरेस्टच्या वाटेवर रिकाम्या प्राणवायूच्या नळकांड्या, फाटके तंबू आणि मानवी मैला साचला आहे; प्रत्येक आरोहकाने किमान आठ किलो कचरा खाली आणावा, असा नियम नेपाळला २०१४ मध्ये करावा लागला. हा दोष केवळ परदेशी हौशी लोकांचा मानून हात झटकता येणार नाही. जे हिमालयाला देव म्हणतात, तेच यात्रेला जाताना प्लॅस्टिकच्या बाटल्या त्याच्या अंगावर टाकून येतात. मुखी देवत्व आणि मागे उकिरडा, ही श्रद्धा नव्हे.

सज्जनहो, जगातील सर्वोच्च पर्वतांचे वेगळेपण त्यांच्या मीटरमध्ये आहे, त्यांच्या खडकात आहे, तेथील विरळ हवेत आहे. पण सर्वांत मोठे वेगळेपण असे की, ते मनुष्याला त्याचीच उंची मोजून दाखवतात. वर जाण्याचे सामर्थ्य असणे ही एक उंची. सामर्थ्य असूनही, कोणी पाहत नसताना, दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी थांबता येणे ही दुसरी. धरण किती उंच, रस्ता किती रुंद, यात्रेकरू किती आणि आरोहक किती, हे ठरवताना हीच दुसरी उंची लागणार आहे.

दार्जिलिंगला पहाटे उभे राहिले की कांचनगंगेचा माथा प्रथम उजळतो. खालची दरी अंधारातच असते. तेनझिंग यांनी आयुष्याची अनेक वर्षे त्या दर्शनाच्या सान्निध्यात तरुणांना चढाई शिकवण्यात घालवली. दोर कसा बांधावा, पाऊल कोठे टाकावे, हे अशा संस्थांतून शिकता येते. पाऊल कोठे थांबवावे, हे मात्र ज्याचे त्याने शिकायचे असते.